भरल्या पोटी प्रभुभोजन

मला टीबी झाला होता. हे वाक्य मुद्दाम सगळ्यात आधी लिहिते, कारण आमच्याकडे ते कुणी लिहीत नाही. "जरा छातीचं आहे," म्हणतात. "इथलं हवापाणी मानवत नाही," म्हणतात. मी म्हणणार नाही. मी बी.कॉम. आहे, आमच्या पाड्यावरची पहिली, आणि एवढं शिकून आजाराचं नाव घ्यायला घाबरायचं तर शिकले कशाला?

तुमच्यापैकी कुणाच्या हातात आज तोच कागद आला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. घाबरू नका, गोळ्या घ्या, बरे व्हाल. पण मला नुसतं तेवढंच सांगायचं नाही. या आजारात मी एक मूर्खपणा केला, देवाच्या नावाने केला, आणि त्यातून मला जे सापडलं ते सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही.

कागद

मी राहनाळला एका गोडाऊनच्या ऑफिसात काम करते. कुठला माल कुठल्या गाडीत चढला ते कॉम्प्युटरवर टाकायचं. राहायला नारपोलीत. खाली लूम, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, वर आमची खोली. खोकला लागला तेव्हा सगळे म्हणाले, कापसाची धूळ. मीही तेच म्हटलं. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला, मग बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. गोडाऊनमधला एक हमाल एकदा म्हणाला, "मॅडम, आपकी खाँसी सुनके ड्रायवर लोग समझते हैं गाड़ी रिवर्स में आ रही है." मी हसले. हसता हसता खोकले, आणि रुमालावर रक्ताचा ठिपका आला.

सरकारी दवाखान्यात दोन दिवस थुंकीच्या डब्या, एक एक्स-रे, आणि तिसऱ्या दिवशी कागद. डॉक्टर माझ्याच वयाचे होते. "टीबी आहे. सहा महिने गोळ्या. बरा होतो," असं एका दमात म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

मी बाहेर बाकावर येऊन बसले. पहिला विचार 'आता मरते की काय' हा नव्हता. पहिला विचार होता, 'मला कसा झाला? मी तर सगळं पाळते!'

हे कळायला माझं थोडं मागचं सांगायला हवं. आम्ही वारली. आय आणि बा वीटभट्टीवर आणि दुसऱ्यांच्या शेतात राबले. कॉलेजात असताना मी एका मैत्रिणीबरोबर नारपोलीतल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीत गेले. देव हा बाप आहे, असं तिथं पहिल्यांदा ऐकलं आणि ढसाढसा रडले, कारण माझा बा मी दहावीला असतानाच गेला होता.

पण रडणं त्या एका दिवसाचं. दुसऱ्या दिवसापासून मी अभ्यासाला लागले. मला तेवढंच येत होतं. वेळापत्रक करून मी बारावी काढली, वेळापत्रक करून डिग्री काढली, आता वेळापत्रक करून देव. पहाटे पाचला गुडघ्यावर. प्रार्थनेत डोक्यावरची ओढणी घसरली तर प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उपास. आणि रविवारी प्रभुभोजन होईस्तोवर, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट मिळेस्तोवर, तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आमच्या मंडळीत तसाच नियम होता. दुपारचा एक वाजायचा. देवाकडे मी रोज हजेरी लावत होते आणि मस्टर माझ्याच हातात होतं. एकही खाडा नाही. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तर मी बाकावर रडत बसले होते. समोर एक बाई येऊन उभी राहिली. काळा बुरखा, त्यावर पांढरा एप्रन, हातात रजिस्टर. ती आमच्या भागातली आरोग्यसेविका, शबाना आपा.

"रो लो," ती म्हणाली. "दो मिनट है. फिर इधर साइन करो, गोली लो, घर जाओ."

मी दोन मिनिटं रडले. तिने खरोखर घड्याळ बघितलं.

घर

गोळ्यांचा नियम आपाने समजावला. रोज सकाळी उपाशीपोटी, एकाच वेळी, अर्ध्या तासाने खायचं, पोटभर खायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. दर पंधरा दिवसांनी ती रिकामी पाकिटं बघायला येणार.

एक गोष्ट सांगायची ती विसरली. पहिल्या दिवशी संडासात लघवी नारिंगी-लाल झाली आणि मी किंचाळले. माझा नवरा प्रकाश धावत आला. तो लूमवर जॉबर आहे, मशीन बिघडली की दुरुस्त करणारा, त्यामुळे कशानेच घाबरत नाही. त्याने आपाला फोन लावला, ऐकून घेतलं आणि दाराबाहेरून म्हणाला, "गोळीचा रंग आहे. मला वाटलं कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कामाला लागलीस."

पाड्यावरून आय आली. एका पिशवीत तांदूळ, एका पिशवीत सुकट, शेवग्याची पानं, आणि एक जिवंत कोंबडी, जिला घेऊन ती कोन गावापासून रिक्षात भांडत आली होती. आयचे देव वेगळे आहेत. मी ख्रिस्ती झाले तेव्हा ती म्हणाली होती, "तुजा बाप गेला, तुला दुसरा मिलाला तं मी कशाला रडू?" तेव्हापासून या विषयावर आमचं भांडण नाही. ती माझ्या उशाशी बसून पाय चेपायची. मी मास्क लावून पडायचे. खालून लूमची खटखट यायची आणि जमीन थरथरायची. आय म्हणायची, "बरा हाय, पाळन्यात बसल्यावानी वाटतं."

त्या दिवसांत नोकरी जाईल ही भीती होती. शेजारच्या बाईने दोरीवरचे आमच्या बाजूचे कपडे काढून घेतले, ते लागलं. प्रकाश बोलायचा कमी आणि भांडी जास्त घासायचा. पण वजन वाढायला लागलं. बांगडी पुन्हा मनगटावर आली. महिनाभराने आपा म्हणाली, मास्क लावून, खिडकीशी बसून मंडळीत जायला हरकत नाही.

आणि तिथंच घोळ झाला.

दोन नियम

आमची मंडळी म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वरची मोठी खोली. पन्नासेक माणसं. पास्टर पूर्वी स्वतः लूम चालवायचे, त्यांच्या पत्नी रूथमावशी शिवणकाम करतात.

पहिल्या रविवारी मी सकाळी गोळ्या घेतल्या आणि नियमाप्रमाणे काही खाल्लं नाही. अकराला गाणं चालू असताना मी उठून जिन्यात गेले आणि ओकले. एक ब्रदर, वयाने मोठे, ज्यांना आम्ही सॅम्युएल ब्रदर म्हणतो, मायेनेच म्हणाले, "सिस्टर, पाण्याने उपास मोडला असेल. गोळी पाण्यानेच घेतली ना?"

मी तिथं मेल्यासारखी झाले. बरोबर होतं. पाण्यानेच घेतली होती.

आता बघा माझं डोकं कसं चालतं. एक नियम म्हणतो, गोळी सकाळीच, उपाशीपोटी, आणि नंतर खायचंच. दुसरा नियम म्हणतो, एक वाजेपर्यंत थेंबसुद्धा नाही. साध्या माणसाने काय केलं असतं? कुणाला तरी विचारलं असतं. मी विचारलं नाही. ज्या मुलीने आयुष्यात कधी शिकवणी लावली नाही, ती विचारत नसते. मी ठरवलं, रविवारची गोळी घ्यायचीच नाही. मग शुक्रवारी पण उपास, म्हणजे शुक्रवारचीही नाही. सातातले पाच दिवस तर घेतेय ना! देव बाकीचं बघून घेईल.

पण पाकिटं रिकामी दाखवायची होती. आपासमोर मला गैरहजर लागायचं नव्हतं. म्हणून त्या दोन दिवशीच्या गोळ्या मी पाकिटातून काढायचे आणि पावडरच्या जुन्या डब्यात टाकायचे. आपा पाकिटं बघून म्हणायची, "शाबाश! तुम्हारे जैसा पेशंट नहीं देखा."

आणि मी शाबासकी घ्यायचे. आजही ते आठवलं की कान गरम होतात.

पावडरचा डबा

पुढच्या तपासणीत थुंकी साफ यायला हवी होती. आली नाही. जंतू होतेच.

आपाच्या कपाळावर आठी आली. "ऐसा होना नहीं चाहिए. रोज खा रही हो ना?" मी मान हलवली. तिने नमुना मोठ्या लॅबला पाठवला. तिने सांगितलेलं मी साध्या भाषेत सांगते. गोळ्या अर्धवट घेतल्या की जंतू शहाणा होतो. तो शहाणा झाला असेल तर या गोळ्या त्याला मारू शकत नाहीत. मग दुसरी औषधं, जास्त कडक, जास्त महिने, आणि बरं होण्याची खात्रीही कमी. उत्तर यायला दहा दिवस लागणार होते.

मी घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जंतू शहाणा झाला असेल तर तो मी शिकवून शहाणा केलाय, हे एकट्या मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी आयने घामोळ्यांसाठी पावडर शोधली आणि डबा उघडला. आत पावडर नव्हती.

"सुमे, या कसल्या गोल्या?"

मी डबा घ्यायला हात पुढे केला.

"बोल. न्हायतं जावयाला हाक मारते."

मग मी सगळं सांगितलं. शुक्रवार, रविवार, उपास, जिना. आय डबा मांडीवर घेऊन ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिने एकच विचारलं.

"तुजा देव तुजा बाप हाय ना? तूच सांगतंस."

"हो."

"तुजा बा भट्टीवरून यायचा, सोताच्या ताटातला तुला भरवायचा. माज्यासाठी उरायचा न्हाय तरी भरवायचा. आनि ह्यो नवा बाप पोरीला दुखन्यात उपाशी ठेवतो व्हय? मंग कसला बाप? बदलून टाक."

मला राग यायला हवा होता. आला नाही. 'बदलून टाक' या शब्दावर माझ्या आत कुणीतरी पटकन म्हणालं, नाही, तो तसा नाही! आणि मीच दचकले. तो तसा नाही, हे मला माहीत होतं. मग मी हे सगळं कुणासाठी करत होते?

वडापाव

संध्याकाळी प्रकाशला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो जालन्याकडचा, जन्मापासून ख्रिस्ती, त्याला हे सगळं माझ्याआधीपासून ठाऊक. त्याने डब्यातल्या गोळ्या एकेक करून मोजल्या. डोळे भरले होते. मग म्हणाला, "मला पण एक सांगायचंय."

"काय?"

"मी रविवारी मंडळीत यायच्या आधी नाक्यावर वडापाव खातो."

"कधी?"

"दर रविवारी. लग्न झाल्यापासून."

चार वर्षं! चार वर्षं मी त्याच्या शेजारी बसून पोटात कावळे घेऊन गाणी म्हणत होते, आणि हा माणूस वडापाव खाऊन 'हालेलूया' म्हणत होता!

"तुला लाज नाही वाटली? प्रभुभोजन घेतोस वरून!"

"तुझी भीती वाटायची. तू फाडून खाल्लं असतंस म्हणून बोललो नाही."

"आणि देवाची?"

"त्याला काय, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी खाताना सांगतोच, प्रभू, भूक लागलीय. तुलाच माहीत नव्हतं."

आय एवढी हसली की तिला ठसका लागला. मी चिडले होते, पण मलाही हसू फुटलं, आणि हसताना खोकला आला नाही, हे आम्हा तिघांच्याही लक्षात आलं.

आपा

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी आपाकडे गेले. तिने गोळ्या टेबलावर ओतल्या. मला बघवेना.

"बी.कॉम. हो ना तुम?"

"हो."

"सात में से दो गया, कितना बचा?"

"पाच."

"और पाँच में टीबी जाता है?"

"नाही."

"तो फिर कौन से कॉलेज में पढ़ी हो, मैं अपनी बेटी को उधर नहीं डालूँगी."

मग तिने खुर्ची जवळ ओढली. आवाज उतरला. "ऊपरवाले के लिए किया, समझती हूँ. पर सुनो, हमारे यहाँ रमज़ान में बीमार को रोज़ा माफ़ है. तुम्हारे यहाँ नहीं है क्या?"

 इतकी वर्षं नियम पाळले, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तिने नवीन पाकीट दिलं आणि सांगितलं, रिपोर्ट येईस्तोवर आपल्या समोर येऊन गोळी घ्यायची, रोज. शाबासकी बंद.

शुक्रवार, दुपार

शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद असतात. नारपोलीत दुसऱ्या कुठल्याही दिवशी न मिळणारी शांतता त्या दिवशी मिळते. आमची उपास-प्रार्थना शुक्रवारी ठेवलीय ती त्याचसाठी, लोकांना सुट्टी असते म्हणून.

त्या शुक्रवारी सकाळी मी आपासमोर गोळी घेतली. घरी येऊन आयच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्लं. दोन भाकऱ्या. मग चटईवर आडवी झाले. गुडघ्यावर बसायचं त्राण नव्हतं, ओढणी खुंटीवर होती, तोंडाला सुकटाचा वास येत होता. आणि मला देवाशी बोलायचं होतं.

मी म्हटलं, "देवबापा, मी जेवलेय."

 पाठ केलेलं सगळं गेलं. मी पुन्हा म्हटलं, "जेवलेय. खूप घाबरलेय. माझ्या हाताने वाट लावून घेतलीय."

आकाशवाणी झाली नाही. अंगावर काटा आला नाही. पण बा कामावरून येऊन ओट्यावर बसायचा, काही बोलायचा नाही, आणि तो बसलाय एवढ्याने मला झोप लागायची, तसं झालं. कुणीतरी बसलंय. मस्टर घेऊन नाही. नुसतंच बसलंय. मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा दुपारी चार तास झोपले. उठले तर आय म्हणाली, "झोपंत हसत व्हतीस."

रिपोर्ट अजून आला नव्हता. भीती गेली नव्हती. पण त्या दिवसापासून भीती होती आणि मी एकटी नव्हते.

खिचडी

शनिवारी मी पास्टरांच्या घरी गेले. आय म्हणाली, "मी बी येते. तुज्या देवाचा मानूस कसा दिसतं बघू." मी मास्क लावून ओटीवरच बसले. पास्टर समोर. रूथमावशी तांदूळ निवडत होत्या.

पावडरचा रिकामा डबा पुढ्यात ठेवून मी सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं. "पास्टर, रविवारी उपाशी यायचं, हे बायबलच्या वचनात कुठं आहे?"

 "नाही तसं."

"मग कुणी सांगितलं?"

पास्टर बायकोकडे बघायला लागले. रूथमावशींचे हात सुपात थांबले.

"मीच गं," त्या म्हणाल्या. "पण मी उपास नव्हता सांगितला."

आणि त्यांनी सांगितलं. मंडळी सुरू झाली तेव्हा पंधरा-सोळा माणसं. बरेचसे रात्रपाळी करून सकाळी तसेच यायचे. एक बाई होती, कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे त्यांवर सूत गुंडाळायची, दोन लहान पोरं घेऊन यायची. जिन्यात बायका एकमेकींना सहज विचारायच्या, आज काय केलं होतं नाश्त्याला? ती बाई खाली बघायची. घरात काही नसायचं तिच्या. रूथमावशींनी ते बघितलं, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना सांगितलं, आजपासून कुणी घरी खाऊन यायचं नाही. आधी प्रभुभोजन, मग लगेच इथंच सगळ्यांनी एकत्र जेवायचं. आणि सकाळी आठला मोठं पातेलं चढवलं.

"दहाला जेवायचो आम्ही," त्या म्हणाल्या. "उपास कसला, पंगत होती ती. तिला मान खाली घालायला लागू नये म्हणून. पुढे ती गावाला गेली. मंडळी वाढली, प्रवचन वाढलं, एक वाजायला लागला. माझ्याच्याने पातेलं उचलेना, खिचडी बंद झाली."

"आणि उपास राहिला," मी म्हटलं.

 मग पास्टर बोलले, आणि त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानेन. "सुमन, मला खिचडी आठवत होती. पण नवीन लोकांनी विचारलं की उपाशी का, तर मी म्हटलं, शरीर शुद्ध राहावं म्हणून. दोनदा प्रवचनात म्हटलं. लोक कडक पाळायला लागले, मला बरं वाटायला लागलं. वाटलं, मंडळी पक्की झाली." त्यांनी डब्याकडे बघितलं. "माझं चुकलं, पोरी."

माझ्या डोळ्यांतून पाणी. रूथमावशींच्याही. आयला हे सगळं लांबलेलं वाटत असावं. ती म्हणाली, "रडताव कशाला? खिचडी परत घाला की."

फोन

दहाव्या दिवशी मी ऑफिसात फोन करून अजून रजा मागत होते तेवढ्यात मध्येच आपाचा कॉल आला. साहेबांचा फोन मी कापला. आयुष्यात पहिल्यांदा.

"रिपोर्ट आया है," आपा म्हणाली. आणि तिने मध्येच पाण्याचा घोट घेतला बहुतेक. तो एक घोट मला एका वर्षासारखा गेला.

"आपा, बोला ना!"

"मान रहा है. तुम्हारा कीड़ा गोली को मान रहा है. उतना शाना नहीं हुआ. तुम भी मत होना."

मी खाली बसले. आय विचारत होती, काय, काय. मी तिचे दोन्ही हात धरून नुसती हलवत राहिले. मग आम्ही दोघी खिडकीत जाऊन ओरडलो, "प्रकाश!" तो खाली कारखान्याच्या दारात होता, आत चाळीस लूम चालू, त्याला काय ऐकू येणार? शेवटी आयने वरून त्याच्या अंगावर चप्पल टाकली.

गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. पूर्ण सहा महिने. एकही चुकवली नाही, शुक्रवारची नाही, रविवारची नाही. दोन महिन्यांनी थुंकी साफ आली, शेवटच्या तपासणीतही साफ आली. ज्यांना गोळ्यांचा कंटाळा आलाय, ज्यांना ओकारी होते, ज्यांचा कुठला तरी नियम आडवा येतोय, त्यांनी कृपा करून आपल्या आपाला सांगा. लपवू नका. देवाला सांगायची तर गरजच नाही, त्याने डबा आधीच बघितलेला असतो.

रविवार

थुंकी पहिल्यांदा साफ आली त्यानंतरचा रविवार मात्र सांगायचा राहिला. तोवर आपाने मला मंडळीत सोडलं नव्हतं, आणि पास्टर माझ्यासाठी थांबले होते.

मी जिना चढत होते तर वरून वास आला. तूप, जिरं, मुगाची डाळ. मोठ्या पातेल्याशी प्रकाश घामाघूम उभा होता, कारण रूथमावशींना उचलवत नाही. वेळ सकाळी साडेनऊ. प्रार्थनेच्या आधी.

पास्टर पुढे उभे राहिले आणि सगळी गोष्ट सांगितली. कांड्या भरणाऱ्या बाईची, खिचडीची, स्वतःची. माझी मात्र माझ्यावर सोडली, म्हणून मी उठून माझी सांगितली. गोळ्यांच्या डब्यासकट. मग पास्टर म्हणाले, "ज्याला प्रेमाने उपास करायचा त्याने करा, देव बघतो. ज्याला भूक लागलीय त्याने जेवा, तोही बघतो. हजेरी कुणाचीच लागत नाही."

सॅम्युएल ब्रदर उठले. "पास्टर, मला पटत नाही. पोट भरलं की आत्मा झोपतो."

मागून एक म्हातारी म्हणाली, "ब्रदर, तुम्ही तर उपाशीपोटी पण झोपता. मी शेजारीच असते."

पन्नास माणसं हसली. सॅम्युएल ब्रदरही हसले, नाइलाजाने, आणि थोड्या वेळाने मी बघितलं तर त्यांच्या हातात ताटली होती. आय माझ्या बाजूला बसली होती. "माजे देव घरी हायत," तिने आल्या आल्या पास्टरांना सांगून टाकलं होतं, "खिचडीला काय होतंय." तिने दोनदा घेतली. मी तीनदा.

मग प्रभुभोजन झालं. भाकरीचा तुकडा तोंडात ठेवला. इतकी वर्षं तो तुकडा म्हणजे माझ्या भुकेचा शेवट होता, एकदाचं सुटले असं वाटायचं. त्या दिवशी भूक नव्हती. पोट भरलेलं, छाती साफ, मनगटात बांगडी घट्ट, आणि तरी मला दिला. गरज नसताना बाप पोरीच्या हातावर खाऊ ठेवतो, तसा. मी डोळे मिटले. सगळे डोळे मिटून होते. द्राक्षरस घेतल्यावर आमच्यात दोन मिनिटं कुणी बोलत नाही, प्रत्येकाने आपापलं प्रभूशी बोलायचं असतं. इतकी शांतता की खालच्या रस्त्यावरची रिक्षा ऐकू येते.

मला बोलायचं होतं. 'धन्यवाद' म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि 'धन्यवाद'च्या ऐवजी बाहेर आली ती ढेकर. लांब, तुपाची, तीन ताटल्यांची.

कुणी हललं नाही. शेजारी प्रकाशचे खांदे थरथरायला लागले. मला वाटलं, आता जमीन फाटावी.

पास्टरांनी डोळे न उघडता म्हटलं, "आमेन."

आणि सगळी खोली म्हणाली, "आमेन."